सरपणाची खोली

आमच्या वाईच्या घराला तीन दारे आहेत. पुढचे दार रस्त्यावर उघडते. त्यातून पाहुणे, पोस्टमन आणि लग्नपत्रिका आत येतात. मधले दार माजघराचे. ते बहुधा उघडेच असते, आणि लोटून घेतले तरी त्याला कोणी जुमानत नाही. तिसरे दार परसातले. त्या दाराने चार पायऱ्या उतरल्या, की तुळस लागते. मग आड, आडाच्या अलीकडे कढीलिंब, पलीकडे पारिजातक, आणि अगदी टोकाला, शेजाऱ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसलेली एक ठेंगणी कौलारू खोली. घरात सगळे तिला ‘सरपणाची खोली’ म्हणतात. १९८३ साली घरात गॅस आला, तेव्हापासून तिच्यात सरपणाची काटकीही पडलेली नाही. पण नाव एकदा चिकटले, की ते वस्तूपेक्षा चिवट ठरते.

या खोलीत बसून मी हा लेख लिहीत आहे. ही खोली लिहिण्याजोगी कशी झाली, आणि ती होत असताना मला काय कळले, त्याची ही हकीकत.

वाई म्हटले, की लोकांना कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती आठवतो. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेले हे देऊळ अगदी नदीच्या तोंडाशी आहे. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे. जरा वाचनाची आवड असलेल्यांना वाईचा विश्वकोश आठवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहिले, आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला तो इथल्याच कार्यालयातल्या कामातून. एवढे मोठे काम जेथे झाले ते गाव शांत असणारच, असे पुण्यामुंबईच्या मंडळींना वाटते. “तुझं बरं आहे बाई, नदीकाठी बसून लिहीत असशील,” असे माझ्या मैत्रिणी म्हणतात, तेव्हा मी नुसती हसते.

नदीकाठी बसून लिहायला नदीकाठ मोकळा लागतो. आमच्या नदीकाठी धुणी असतात, पर्यटक असतात, आणि वर्षातून काही दिवस सिनेमावाले असतात. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात शेजारचे मेणवली साऱ्या जगाला दिसले, तेव्हापासून कोणत्या घाटावर कधी कोणता नायक उगवेल, याचा नेम राहिलेला नाही. सुटीच्या दिवशी पाचगणी-महाबळेश्वराकडे निघालेल्या गाड्या पसरणीच्या घाटाला लागण्याआधी कर्णे वाजवून घेतात. देवळांच्या घंटा तर पहाटेपासून. आमच्या मागच्या गल्लीत प्राथमिक शाळा आहे. तिथली मुले पाढे म्हणतात ते आमच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ झाले असतील.

तरीही घरातल्या आवाजापुढे गावाचा आवाज काहीच नाही, हे मला २०२० साली कळले. मी कॉलेजात मराठी शिकवते. मार्चमध्ये टाळेबंदी आली, कॉलेजला कुलूप लागले आणि वर्ग आमच्या माजघरात भरू लागला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी आणि माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला मुलीची शाळा, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. एके दिवशी मी ज्ञानेश्वरीतले उपमा अलंकार समजावून देत होते. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. तेवढ्यात पलीकडून एका विद्यार्थ्याने अत्यंत नम्रपणे विचारले, “मॅडम, भाताच्या तीन झाल्या. बंद करायचा का?” त्या तासाला ज्ञानेश्वर पुढे सरकले नाहीत.

साथ ओसरली, कॉलेज उघडले, पण एक इच्छा मनात रुतून बसली : आपल्याला बसायला एक जागा हवी. त्या इच्छेला कारणही होते. गेली कित्येक वर्षे माझ्या मनात एक पुस्तक आहे. मराठीतले मोठे ग्रंथ ज्या ठिकाणी रचले गेले, त्या ठिकाणांबद्दलचे पुस्तक. त्यासाठी सुट्यांमध्ये मी थोडी भटकंतीही केली. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरची टीका सांगितली, तो पैसाचा खांब पाहिला. महाडजवळची शिवथरघळ पावसाळ्यात पाहिली. दासबोध तिथे रचला गेला असे परंपरा सांगते, आणि समोर कोसळणारा धबधबा पाहिला, की माणसाने तिथे बोलणे सोडून लिहिणेच का पत्करले असेल ते समजते. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. तुकोबा एकांतासाठी तिथे जात. मंडालेला जाणे काही जमले नाही, पण तिथल्या तुरुंगातल्या लाकडी खोलीची वर्णने जमतील तेवढी वाचली. १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी तिथे शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. मराठी लेखकाला एवढी शांतता सरकारी खर्चाने त्याआधी कोणी दिली नव्हती. वर स्वयंपाकाला एक कैदीही दिला होता.

टिपणांच्या सात वह्या झाल्या, पुस्तकाचे पहिले पान मात्र होईना. लेखनाच्या जागांविषयी लिहायला मला जागा मिळत नव्हती. हे मी आमच्या ह्यांना सांगितले, तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “सरपणाची खोली आहे की.”

मी चमकून पाहिले. ते थट्टेने म्हणाले होते. मी मात्र ते थट्टेवारी घेतले नाही.

परसातल्या खोपटाचा अभ्यास करणारी मी काही पहिली नव्हे. या बाबतीत इंग्रज मंडळी आपल्या फार पुढे आहेत. बर्नार्ड शॉ यांच्या बागेत एक लाकडी खोपटे होते. ते फिरत्या बैठकीवर बसवलेले असल्यामुळे सूर्य सरकेल तसे वळवता येई. शॉनी त्याचे नाव ‘लंडन’ ठेवले होते. नको असलेला पाहुणा आला, की ‘साहेब लंडनला गेलेत’ असे खोटे न बोलता सांगता येई. वेल्समधल्या लार्न गावी डिलन टॉमस हा कवी समुद्राच्या खाडीवर टांगल्यासारख्या एका टपरीत लिहीत असे. ती टपरी मुळात मोटार ठेवण्यासाठी बांधलेली होती. आणि व्हर्जिनिया वुल्फ. लिहिणाऱ्या बाईला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, असे जिने १९२९ साली पुस्तक लिहून जगाला बजावले, तिची खोली तरी कोणती? इंग्लंडातल्या रॉडमेल खेड्यात घरामागच्या बागेतली अवजारांची खोली. १९२१ साली तिने ती लिहिण्यासाठी तयार करून घेतली. पण माळ्यावर सफरचंदे साठवलेली असत. तिचे यजमान वर बसून ती निवडू लागले, की खाली बाईंचे वाक्य मोडे. शिवाय शेजारच्या चर्चची घंटा आणि शाळेतली पोरे होतीच. शेवटी १९३४ साली तिने ते बिऱ्हाड बागेच्या दुसऱ्या टोकाला हलवले.

हे वाचले तेव्हा मला फार धीर आला. चर्चच्या जागी देऊळ घातले, की रॉडमेल आणि वाई यांत मला काही फरक दिसेना.

२०२३ च्या उन्हाळी सुटीत काम काढले. पहिल्यांदा अडगळ. फुटके रांजण, मोडकी पाळणाघोडी, बंबाची चिमणी, ज्याच्या किल्ल्या हरवल्या आहेत असा पेटारा, आणि ज्याचा पेटारा हरवला आहे अशा किल्ल्या. ‘असू दे, कधी लागेल’ या चार शब्दांवर मराठी घरातली अर्धी जागा अडलेली असते. तीन दिवस आम्ही ते शब्द उपसत होतो.

खोली रिकामी झाली, तेव्हा ती पहिल्यांदा दिसली. बारा बाय नऊ फूट. जोत्यापर्यंत दगड, वर कच्च्या विटांची दीड फूट जाड भिंत, शेणाने सारवलेली जमीन, पुढे आढ्याखाली हातभर झरोका, आणि डोके वाकवल्याशिवाय आत घेणार नाही असे दार. एका भिंतीला कमरेइतकी ओल चढली होती आणि दोन वाशांना वाळवी लागली होती.

गवंड्यांनी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, “बाई, हे सगळं खरवडू आणि सिमेंटचा गिलावा मारू. पन्नास वर्षं बघायला नको.” मी हो म्हणणार होते. पण त्यांच्याबरोबर त्यांचे वडील आले होते. ते आडाच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “मातीच्या भिंतीला सिमेंट घालशील तर ती आतून कुजेल. मातीला दम घ्यायला लागतो.” मग त्यांनी समजावून सांगितले. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्यावर टाकून देते. वर सिमेंटचा थर दिला, की ओलीची वाट बंद होते. ती आत साठते, आणि एके दिवशी गिलावा भिंतीची साल घेऊनच खाली येतो. त्यांच्या सांगण्यावरून बाहेरून भिंतीच्या पायथ्याशी चर खणून खडी भरली. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार काढला. भिंतीला माती आणि चुन्याचा गिलावा दिला. पुढच्या पावसाळ्यात ओल वीतभरावर थांबली. कॉलेजात शिकलेल्या पुष्कळ गोष्टी इतक्या उपयोगी पडलेल्या नाहीत.

खिडकी उत्तरेला काढली. चित्रकार उत्तरेचा उजेड का मागतात ते त्या खिडकीने मला शिकवले. ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे सकाळी दहाला आणि दुपारी चारला कागदावर जवळजवळ सारखाच प्रकाश असतो. वाळवीचे वासे बदलले, कौले उतरवून धुऊन पुन्हा घातली, आणि त्यांतले एक काचेचे घातले. पत्रा घालायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. पण पत्र्यावर पाऊस ताशा वाजवतो, कौलांवर तो कुजबुजतो. कौलांखाली फळ्यांचे छत केले आणि दोहोंमध्ये वीतभर पोकळी ठेवली. तिच्यातला तापलेला वारा आढ्याजवळून निघून जातो आणि उन्हाळ्याची दुपार खाली उतरत नाही. विजेची तार जमिनीखालून नळीतून आणली. इंटरनेटचे मात्र भिंतीने ऐकले नाही. दीड फूट मातीतून ते पलीकडे येईना, तेव्हा त्याच्यासाठीही वेगळी तार ओढावी लागली. पुस्तकांची मांडणी भिंतीपासून दोन बोटे सुटी ठेवली, म्हणजे वाळवी आली तर दिसावी.

आवाजाचे गणित सर्वांत गमतीचे निघाले. जाड भिंत आवाज अडवते हे खरे, पण आवाज भिंतीतून येतच नाही, तो फटीतून येतो. दाराखालची अर्ध्या इंचाची फट बंद केली, आणि शाळेतले पाढे सतरावरून एकदम दोनावर आल्यासारखे मंद झाले. आत बोलले की घुमे, त्यावर सासूबाईंच्या हातच्या दोन जुन्या गोधड्या भिंतीला टांगल्या. घुमणे थांबले आणि भिंतही सजली.

उरली जमीन. शहाबादी फरशी घालायचे ठरले होते. फरशी आली, आणि तेव्हा कोपऱ्यातल्या जात्याचा प्रश्न निघाला.

जाते जमिनीत पुरलेले होते. इतके दिवस त्याच्यावर पोती होती. आता ते उघडे पडले : दोन काळ्या तळ्या, वरचीला तोंड, आणि वाळवीने निम्मा खाल्लेला खुंटा. गवंडी म्हणाले, “हे उपटून आडापाशी ठेवू. वर कुंडी ठेवली की झकास दिसेल. हल्ली मोठमोठ्या हॉटेलांत असंच करतात.” मलाही ते पटले. माझे टेबल त्याच कोपऱ्यात यायचे होते. रात्री जेवताना मी हे सर्वांना सांगितले. सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या आहेत, ऐकूही कमी येते. सरपणाची खोली मला हवी म्हटल्यावर त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “घे की. तुझंच आहे सगळं.” जात्याचे ऐकल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. ताक प्याल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती घरघरीने. प्रथम वाटले, शेजारी पंप लावला. मग त्या घरघरीवर एक आवाज चढला. मी परसात आले. खोलीला अजून दार बसले नव्हते. आत दिवा नव्हता, काचेच्या कौलातून थोडे उजाडत होते. सासूबाई एक पाय पसरून, एक दुमडून जात्याशी बसल्या होत्या. रिकामे जाते ओढू नये म्हणून ओच्यात मूठभर जोंधळे आणले होते. डाव्या हाताने वैरण घालीत होत्या, उजव्या हाताने त्या खाल्लेल्या खुंट्याने जाते ओढीत होत्या, आणि ओव्या म्हणत होत्या.

मी गेली अठरा वर्षे लोकसाहित्य शिकवते. जात्यावरची ओवी कशी असते, तिचा सूर घास घालताना कसा थांबतो, माहेर, भाऊ, सासर, पंढरपूर हे तिचे विषय कसे, हे मी फळ्यावर लिहून देते. विद्यार्थ्यांना घेऊन मावळात आणि जावळीत ओव्या गोळा करायला गेले आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम मी वर्गात आदराने सांगते. माझ्या घरातल्या बाईला ओव्या येत असतील हे माझ्या मनात आले नव्हते. मला त्यांच्या हातची भाजणी ठाऊक होती, मेतकूट ठाऊक होते. त्यांचा आवाज मी त्या पहाटे पहिल्यांदा ऐकला.

मी दाराशी उभी राहिले. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांना माझी चाहूल लागली नाही. आधी देवाच्या ओव्या झाल्या, मग आईबापांच्या, भावांच्या. मग लेकरांच्या. लेकरांच्या ओव्यांत प्रत्येक मुलाला त्याचे त्याचे कौतुक असते. थोरल्या वन्संची ओवी झाली. तिच्या केसांविषयी होती. ह्यांची झाली, धाकट्या भावजींची झाली. पण वन्संच्या आणि ह्यांच्या मध्ये आणखी एक ओवी होती. तिच्यात एक लेक होती आणि पारिजातकाचे झाड होते. नाव नव्हते.

त्या दिवशी मी गवंड्यांना सांगितले, आज फरशी नको.

चार दिवसांनी दुपारी, घरात कोणी नसताना, मी विचारले. मोठ्याने विचारावे लागले. असले प्रश्न मोठ्याने विचारणे फार अवघड असते. “आई, मधली ओवी कुणाची?”

त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. “होती एक,” त्या म्हणाल्या. “बारशाच्या आधीच गेली. दहा दिवसांची.”

“ह्यांना ठाऊक आहे?”

“त्याला कुठून असेल? तो मागनं झाला. कुणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. आमच्या सासूबाई म्हणाल्या, रडायचं नाही, पुढचं बघायचं. मी नाही रडले माणसांत.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पहाटे सरपणाच्या खोलीत कोण येतंय? तिथं मी आणि जातं. दार लोटून घ्यायचं. गिरणी होती गावात, पण गिरणीचं पीठ जळतं म्हणून आमच्या सासूबाईंना चालायचं नाही. सगळ्या बायका कुरकुरायच्या. मी नाही कुरकुरले. तेवढा एक तास माझा होता. दुष्काळात तो लाल मिलो यायचा ना, तोसुद्धा मी इथंच दळलाय.”

१९७२ च्या दुष्काळातला तो परदेशी लाल जोंधळा. घराण्यातल्या पुरुषांकडून त्याच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. तो कोणी दळला, हे मात्र कोणाच्या बोलण्यात आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी माझ्या सात वह्या काढल्या. नेवासे, शिवथर, भंडारा, मंडाले. खांब, घळ, डोंगर आणि तुरुंग. प्रत्येक ठिकाणी बसणारा माणूस घर सोडून तिथे गेलेला, किंवा नेलेला होता. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरालाही मी गेले होते. तिथल्या देवळात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. त्याची नोंद मी एका ओळीत केली होती, आणि ‘दंतकथा’ असे लिहून पुढे गेले होते. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हते. काम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलाने उतरवून घेतली होती म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, ती पुस्तकात आली. हे मी दर वर्षी शिकवते. पण त्यांच्या रचनेचे ‘ठिकाण’ मी कुठे लिहिले नव्हते, कारण घरातले जाते आणि चूल ही मला ठिकाणे वाटलीच नव्हती. मी ग्रंथांच्या जागा शोधत हिंडत होते, आणि ज्या खोलीतून मी माझ्यासाठी अडगळ बाहेर काढत होते, ती गेली साठ वर्षे कोणाची तरी खोली होती.

जाते राहिले. फरशी त्याच्याभोवती गोल कापून बसवली. गवंड्यांना ते काम वेळखाऊ वाटले, त्यांच्या वडिलांना आवडले. टेबल खिडकीखाली सरकले, थोडे आखूड करावे लागले. पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घेतली.

आता रोज दुपारी तीनच्या सुमारास सासूबाई चार पायऱ्या उतरतात, तुळशीपाशी थांबतात, आडाच्या कठड्याला हात लावतात आणि येतात. मी वही घेऊन बसते. पहिल्या दिवशी मी त्यांना नीट खुर्चीत बसवले आणि म्हटले, “सांगा.” त्यांना एकही ओवी आठवेना. कपाळाला हात लावून बसल्या. मग जात्याशी बसल्या, खुंट्यावर हात ठेवला, आणि ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. त्या ओव्या डोक्यात नाहीत, हातात आहेत. हात थांबला की ओवी थांबते. काही वेळा मी लिहिण्यासाठी ‘थांबा’ म्हणते, आणि ती ओवी पुन्हा दोन-तीन दिवस सापडत नाही. म्हणून आता मी मध्ये बोलत नाही, फोनवर ध्वनिमुद्रण करते आणि रात्री उतरवून घेते. आजवर एकशे सदतीस झाल्या. कधी एखादी त्यांच्या आईची असते, कधी आजीची, आणि कधी विचारले की म्हणतात, “ही कुणाची नाही, माझीच.” ते सांगताना थोड्या लाजतात.

एवढा खटाटोप करून जी खोली मी निःशब्द करून घेतली, तिच्यात रोज तासभर घरघर चालते. बंद फटींमुळे ती बाहेर फारशी जात नाही, आत मात्र भरून राहते. माझे पुस्तक लांबले आहे. पण त्याचे पहिले पान लिहून झाले. ते नेवाशाचे नाही.

ह्यांना मी काही सांगितले नाही. ते सांगणे माझे नव्हते. सासूबाईंनीच एका रविवारी सांगितले असावे. मी बाजारातून आले, तर माय-लेक परसात पारिजातकाखाली बसले होते आणि कोणी बोलत नव्हते. ह्यांनी त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही. झाडाखालची फुले वेचली, आणि ती कुठे ठेवावीत हे न कळून तशीच ओंजळीत धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी सासूबाईंनी पदर पुढे केला.

पुढच्या आठवड्यात ते सुताराकडे गेले आणि जात्यासाठी बाभळीचा नवा खुंटा करून घेऊन आले. घरात खिळासुद्धा दुसऱ्याने मारावा अशी त्यांची वृत्ती, पण खुंटा त्यांनी स्वतः बसवला. यंदा दिवाळीची भाजणी त्याच जात्यावर काढायची, असे माय-लेकांचे ठरले आहे. मला कोणी विचारलेले नाही. त्या दिवशी खोली मला मिळणार नाही, एवढे फक्त कळवण्यात आले आहे.

खुंटा अजून जरासा हलतो, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. पाचर मारायला हवी. हे रविवारी मारणार आहेत.